थ-चा खण

किल्ली हरवली ती नेमकी थ-च्या खणाची.
म्हणजे थंडी, थडगं, थर्मामीटर,
थालीपीठ, ज्यावरून दोन बैठका भांडणात गेल्या,
आणि पाच थिओडोरस,
सगळे आत.

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर
आमचं कोशाचं कार्यालय.
खाली मसाल्याची गिरणी,
त्यामुळे इतिहासाला कायम ठसका.
आगटेबाई म्हणाल्या होत्या,
एका नावाची माणसं एकाच नोंदीत घाला,
आकडे द्या. जागा वाचते.

जागा वाचते, खरंय.
पण पहिला सामोसचा, कांस्य ओतणारा.
कुलूप-किल्ली त्यानं शोधली म्हणतात,
आणि स्वतःचा पुतळा केला तो असा:
उजव्या हातात कानस,
डाव्या हाताच्या तीन बोटांत चार घोड्यांचा रथ,
एका माशीच्या पंखांखाली झाकेल एवढा.

दुसरा सायरीनीचा गणिती.
तीनचं वर्गमूळ, पाचचं वर्गमूळ,
एकेक हातात घेऊन दाखवत गेला
की हे कुठल्याच अपूर्णांकात मावत नाही,
आणि सतरापाशी थांबला.
का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
जेवायला हाक आली असेल.

तिसरा नट.
माझ्याआधी रंगमंचावर कुणी पाऊल टाकायचं नाही,
फुटकळ नटसुद्धा नाही;
लोकांचा जीव पहिल्या आवाजावर जडतो.
असे दोघे मला भरत नाट्यच्या विंगेत भेटलेत.

चौथा मास्तर. राजघराण्यातल्या पोराला वक्तृत्व शिकवताना म्हणाला,
हा रक्तात कालवलेला चिखल आहे.
पोरगा पुढे सम्राट झाला.
असला शेरा मारणारे मास्तर आपल्याकडे रग्गड,
सम्राटांचीच टंचाई.

आणि पाचवा, तोही सायरीनीचा,
देव मानत नसे.
नावाचा अर्थ देवानं दिलेला,
आणि हा देणाऱ्यालाच ओळख दाखवेना.
गावानं हाकललं. एक राजा म्हणाला, सुळावर चढवीन.
तर म्हणे, मला काय,
जमिनीत कुजलो काय, हवेत कुजलो काय.

त्याच्या कार्डावर मी दोन आठवडे अडकलो.
माझं नाव देवदत्त.
आई अकरा वर्षं चतुःशृंगीच्या पायऱ्या चढली
तेव्हा कुठे मी.
सोळाव्या वर्षी मी संध्या सोडली,
तिनं पूर्ण नावानं हाक मारणं सोडलं नाही,
दे-व-दत्त, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशी.
वैकुंठात दाहिनीचं दार खाली येताना
गुरुजींनी विचारलं, नाव, गोत्र?
गोत्र आठवेना.
नाव सांगितलं.

तर चावीवाला आला बोहरी आळीतून,
सायकलच्या हँडलला किल्ल्यांचा घोस.
गुडघे टेकून बसला, खणाला कान लावला
डॉक्टर लावतात तसा.
उजव्या हातात कानस.
डाव्या हाताच्या तीन बोटांत कोरी किल्ली.
मी बघत राहिलो.
बाई म्हणाल्या, खरवंडीकर, चहा सांगा.

पितळेचा चुरा टेबलावर, माझ्या कार्डांवर.
मग खट.
खण पुढे आला, वर थालीपीठ.

एकशे वीस रुपये. व्हाउचरवर सही केली,
अक्षर सावकाश, शाळेतलं: अल्लाबक्ष इस्माईल.
बक्ष म्हणजे? मी विचारलं, माहीत असून.
दिलेला, म्हणाला. वडिलांनी ठेवलं.
थोरल्या दोघी बहिणींनंतर मी. तुमचं?
सांगितलं.
तो हसला नाही, काही नाही.
एकच की मग, म्हणाला,
आणि कानस फडक्यात गुंडाळली.

दोन नंबरच्या चहात साखर कमी होती.
गिरणीत मिरची सुरू झाली.
मी पाचव्याचं कार्ड काढून
त्यावरचा चुरा फुंकणार होतो, फुंकला नाही.

जिन्यावरून त्याची हाक आली:
साहेब, दोन केल्यात हां किल्ल्या.
एक हरवायला.